परीक्षकाची परीक्षा



परीक्षा घेणाराची परीक्षा कोणीं घ्यावी, हा प्रश्न फार जुना आहे. न्यायसभेंत तो साक्षीदाराविषयीं निघतो, बाजारांत वजनमापांविषयीं निघतो आणि शाळेंत उत्तरसूचीविषयीं निघतो. माझें आयुष्य मुलांस गणित शिकविण्यांत गेलें, त्यामुळें यांपैकीं शेवटच्या प्रकाराशीं माझा परिचय अधिक. परंतु आज शाळेविषयीं बोलावयाचें नाहीं. संगणकाच्या अगदीं अंतर्भागांत, जेथें तुमची-आमची दृष्टि कधीं पोंचत नाहीं अशा जागीं, हाच प्रश्न कसा उभा राहिला आणि त्याचा उलगडा करतां करतां मोठमोठ्या जाणत्यांस कोणकोणते धडे मिळाले, त्याचा इतिहास आपल्यापुढें मांडावा, असा आजचा हेतु आहे.

प्रथम ती जागा कोणती तें सांगतों. प्रत्येक संगणकावर एक मुख्य कारभारी बसविलेला असतो. स्मृतीचा कोणता भाग कोणाच्या स्वाधीन करावयाचा, तारेवरून आलेला मजकूर कोणास पोंचवावयाचा, कोणास कोठवर जाऊं द्यावयाचें, हें सर्व तो ठरवितो. त्यास कर्नेल म्हणतात. आपण गाभा म्हणूं. इतर आज्ञावल्या चुकल्या तर त्यांचें त्यांना भोवतें. गाभा चुकला तर सगळें घर बसतें. आणि ती चूक एखाद्या लबाडाच्या ध्यानांत आली तर घराच्या किल्ल्याच त्याच्या कमरेला लागतात. लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडांतील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतलेला लिनक्स नांवाचा गाभा आज जगांतील असंख्य मोठ्या संगणकगृहांत आणि अँड्रॉइड जातीच्या प्रत्येक मोबाइल फोनांत चालतो. तेव्हां हा विषय दूरच्या देशांतील पंडितांचा असला, तरी त्याचा नफानुकसान आपल्या खिशापर्यंत येऊन पोंचतो.

इतिहासाच्या अभ्यासकास या गाभ्याचें एक मोठें सुख आहे. त्याचें दफ्तर उघडें आहे. २००५ सालच्या एप्रिलपासूनचा प्रत्येक फेरफार कोणीं केला, कोणत्या दिवशीं केला, कां केला, याची नोंद तेथें मिळते. ज्यांनीं पेशवे दफ्तराचे रुमाल सोडून तारखेवांचूनचे कागद जुळवीत दिवस काढले असतील, त्यांस या सुखाची किंमत सांगावयास नको.

आतां मूळ कथेकडे वळूं. तिचा आरंभ कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें होतो. संगणक एकमेकांस मजकूर धाडतात तो लहान लहान तुकडे करून धाडतात. त्या तुकड्यांस पॅकेट, म्हणजे पाकीट, म्हणतात. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेंत १९८८ सालीं व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅक्कॅन यांनीं हीं जाणारीं-येणारीं पाकिटें पाहण्याचें टीसीपीडंप नांवाचें साधन तयार केलें. अडचण अशी कीं, पाकिटांचा लोंढा मोठा आणि पाहणारास हवीं असलेलीं पाकिटें थोडीं. सगळींच गाभ्याच्या बाहेर आणून मग निवडावयाचीं, म्हणजे पोत्यांतले सगळे गहूं माजघरांत ओतून त्यांतले चार खडे वेंचण्यासारखें. तेव्हां गाळणीच आंत नेऊन बसवावी, अशी युक्ति निघाली. ती सर्वस्वीं नवी नव्हती; १९८७ सालीं मोगल, रशीद व अॅसेटा यांनीं तशी एक गाळणी वर्णिली होती. मॅक्कॅन व जेकबसन यांनीं १९९३ च्या जानेवारींत सॅन दिएगो येथील युसेनिक्स परिषदेपुढें आपली सुधारलेली गाळणी मांडली आणि ती जुनीपेक्षां वीस पटींपर्यंत जलद चालते असें दाखविलें. बर्कले पॅकेट फिल्टर, संक्षेपानें बीपीएफ, हें तिचें नांव पुढें रूढ झालें.

या गाळणीची रचना मोठी चतुराईची होती. गाभ्याच्या आंत त्यांनीं एक काल्पनिक यंत्र कल्पिलें. त्याला दोनच हात, म्हणजे दोन रजिस्टरें. एकाचें नांव ए, दुसऱ्याचें एक्स. आणि टिपणासाठीं सोळा घरें. ज्यास कांहीं पाकिटें निवडावयाचीं असतील त्यानें या यंत्राच्या भाषेंत छोटीशी आज्ञावलि लिहून गाभ्यास द्यावी. आज्ञावलींत मागें उडी मारण्यास मनाई, उडी पुढेंच. त्यामुळें कोणतीही आज्ञावलि कधीं तरी संपणारच, गरगर फिरत राहणार नाहीं. गाभ्यांतला एक दुभाष्या ती आज्ञावलि एकेक ओळ वाचून तिचा अर्थ करीत असे.

दुभाष्या प्रामाणिक असला तरी मंद असतो. तेंच वाक्य हजार वेळां आलें तर तो हजार वेळां त्याचा अर्थ लावीत बसतो. त्यापेक्षां सबंध लेखाचें एकदांच यंत्राच्या मूळ भाषेंत भाषांतर करून ठेवलें तर पुढें नुसतें वाचून दाखविणें उरतें. असें आयत्या वेळीं, काम चालूं असतांनाच, भाषांतर करणाराला जस्ट-इन-टाइम कंपायलर म्हणतात. हीही कल्पना जुनीच. केन थॉम्प्सन यांनीं १९६८ सालीं मजकुरांतून शब्दाकृति शोधण्यासाठीं आयबीएमच्या ७०९४ यंत्रावर याच रीतीनें यंत्रभाषेंतल्या आज्ञा तेथल्या तेथें निर्माण केल्या होत्या. लिनक्सच्या गाभ्यांत बीपीएफसाठीं असा भाषांतरकार एरिक ड्युमाझे यांनीं २०११ सालीं आणला. प्रथम तो एकाच जातीच्या यंत्रासाठीं होता. नंतर आर्म, पॉवर, स्पार्क, आयबीएमचीं महायंत्रें, मिप्स अशा प्रत्येक जातीस आपआपला निराळा भाषांतरकार मिळाला. मूळ भाषा एक आणि भाषांतरें अनेक, तीं करणारेही निराळे.

येथें खरी चिंता सुरू होते. भाषांतरकार जें लिहितो तें वाचणारा कोणी नसतो. कागदावर लिहिलेला कोड माणसें वाचतात, त्यावर वाद घालतात, दुरुस्त्या सुचवितात. भाषांतरकारानें क्षणार्धांत स्मृतींत उमटविलेले अंक मात्र थेट यंत्राच्या तोंडीं जातात, आणि तेही गाभ्याच्या पूर्ण अधिकारानें. त्यांत एक अंक चुकला तर त्याचा साक्षीदार नाहीं.

चूक कशी लपते याचें एक उदाहरण मला फार आवडतें, कारण तें शुद्ध अंकगणिताचें आहे. भागाकार हें यंत्रास गुणाकारापेक्षां कष्टाचें काम. म्हणून गाभ्यांत अशी एक क्लृप्ति होती कीं, भाजक ठाऊक असेल तर त्याचा व्यस्तांक आधींच काढून ठेवावा आणि भागण्याऐवजीं त्यानें गुणावें. भाजक ३ असला, तर २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९४९६७२९६, यास ३ नें भागून वरच्या पूर्णांकाकडे नेलें कीं १४३१६५५७६६ ही संख्या येते. भाज्यास हिनें गुणावें आणि गुणाकारास पुन्हां त्या ३२ व्या घातानें भागून अपूर्णांक सोडून द्यावा. १०० घ्या, ३३ येतात. दहा लाख घ्या, बरोबर उत्तर येतें. दोन अब्जांपर्यंत कोणतीही संख्या घ्या, उत्तर चुकत नाहीं. पण २१४७४८३६४८ घ्या. खरा भागाकार ७१५८२७८८२ आणि बाकी २. क्लृप्तीनें येणारें उत्तर ७१५८२७८८३. एकानें अधिक! आणि तेथून पुढें, ज्या ज्या संख्येस तिहींनीं भागून दोन उरतात ती प्रत्येक संख्या चुकते. श्रोत्यांपैकीं ज्यांस हौस असेल त्यांनीं कागद-पेन्सिल घेऊन पडताळा पाहावा. वरच्या पूर्णांकाकडे नेतांना जो इवलासा अंश वाढविला, तो मोठ्या संख्येनें गुणिला कीं एकाएवढा होऊन बसतो, एवढेंच त्यांतलें रहस्य.

ही गोष्ट २०१४ च्या जानेवारींत उघडकीस आली, आणि ड्युमाझे यांनीं ती क्लृप्ति बीपीएफमधून काढूनच टाकली. हल्लींचीं यंत्रें भागाकारांत इतकीं दुबळीं राहिलीं नाहींत, असें त्यांचें म्हणणें. परंतु माझें लक्ष निराळ्याच बाजूस जातें. ही क्लृप्ति दुभाष्या आणि भाषांतरकार दोघेही वापरीत होते, कारण आज्ञावलि आंत घेतांनाच तिच्यांतील भाजक पुसून त्याच्या जागीं व्यस्तांक लिहिला जात असे. म्हणजे कोणी म्हटलें असतें कीं, भाषांतरकार बरोबर आहे कीं नाहीं हें दुभाष्याच्या उत्तराशीं ताडून पाहूं, तर दोघांचीं उत्तरें शेवटच्या अंकापर्यंत जुळलीं असतीं. एका बांकावरच्या दोन मुलांचें एकच चुकीचें उत्तर आलें म्हणजे तें बरोबर ठरत नाहीं, हें प्रत्येक मास्तर जाणतो. उत्तरसूची मुलांच्या वह्यांवरून करावयाची नसते.

त्याच वर्षीं मे महिन्यांत अलेक्सेई स्टारोव्होइटोव्ह यांनीं गाभ्यासाठीं एक चाचणी-संच लिहिला. त्यांनीं बीपीएफच्या काल्पनिक यंत्राचा जीर्णोद्धारच केला होता. दोन रजिस्टरांऐवजीं दहा आणि शिवाय एक चौकटीचें, बत्तीस अंशांऐवजीं चौसष्ट अंशांचीं. गाळणीचें आतां सर्वसंचारी यंत्र झालें. इतका मोठा फेरफार केल्यावर त्याची परीक्षा पाहिजे, आणि निरनिराळ्या यंत्रांचे भाषांतरकार लिहिणारांनाही ती उपयोगी पडावी, हा हेतु. हा संच स्वतः गाभ्याच्या आंत शिरून चालतो. प्रत्येक चाचणीचे भाग थोडेच: एक नांव, एक लहान आज्ञावलि, तिला खावयास दिलेलें एखादें पाकीट आणि अपेक्षित उत्तर. पहिल्या चाचणीचें नांव टॅक्स. कराशीं तिचा संबंध नाहीं, ए मधील अंक एक्समध्यें न्यावयाच्या आज्ञेचें तें लघुरूप आहे. प्रत्येक आज्ञावलि पुष्कळ वेळां चालवून तिला किती वेळ लागला तेंही संच सांगतो.

आतां समजा, अशी एक नवी चाचणी लिहून कोणी पुढें केली आणि ती तुमच्याकडे तपासावयास आली. तुम्हीं काय पाहावयाचें? पुष्कळांची समजूत अशी कीं, चाचणीचा कोड म्हणजे दुय्यम काम. ती चालवून पाहिली, उत्तीर्ण अशी अक्षरें उमटलीं, कीं पसंतीचा शेरा मारावा. वास्तविक उत्तीर्ण होणारी चाचणीच अधिक संशयानें वाचावयास हवी. नापास होणारी चाचणी ओरडून लक्ष वेधते. ती चूक असली तरी दुसऱ्या दिवशीं दुरुस्त होते. खोटेंच उत्तीर्ण करणारी चाचणी वर्षानुवर्षें गप्प बसते, आणि तिच्या भरंवशावर लोक निर्धास्त राहतात.

मी एक बालबोध उदाहरण घेतों. गुणाकाराची चाचणी म्हणून कोणीं २ गुणिले २ दिलें आणि उत्तर ४ लिहिलें. भाषांतरकारानें चुकून गुणाकाराच्या जागीं बेरीज लिहिली, तरीही उत्तर ४ च. अशी चाचणी शंभर वेळां चालविली काय किंवा लाख वेळां चालविली काय! येथें विचारावयाचा प्रश्न असा कीं, भाषांतरकार चुकला असता तर ही चाचणी पडली असती काय? ज्या चाचणीविषयीं या प्रश्नास होकार देतां येत नाहीं ती चाचणी नव्हे, सजावट आहे.

दुसरा बारकावा या संचाच्याच बांधणींतला आहे. यंत्राचीं रजिस्टरें चौसष्ट अंशांचीं. परंतु आज्ञावलि शेवटीं जें उत्तर परत करते त्याचे खालचे बत्तीसच अंश संच ताडून पाहतो. म्हणजे वरच्या अर्ध्या भागांत भाषांतरकारानें कितीही गोंधळ केला असला तरी परीक्षकास तो दिसतच नाहीं. बत्तीस अंशांच्या आज्ञेनंतर वरचा अर्धा भाग शून्य व्हावा असा नियम आहे, आणि तो विसरणें ही भाषांतरकारांची नित्याची खोड. मग लेखकानें काय करावें? आज्ञावलीच्या आंतच वरचा भाग खालीं सरकवून आणावा, किंवा सबंध चौसष्ट अंशांची तुलना आंतच करून केवळ होय-नाहीं बाहेर पाठवावें. संचांतील पुष्कळ चाचण्या असेंच करतात. ज्या करीत नाहींत त्यांतून जाणत्या तपासनिसाची नजर सहसा सरळ पार होत नाहीं.

परंतु सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट २०१५ ची आहे. भाषांतरकारास एखादी आज्ञावलि झेपली नाहीं, तर त्या काळीं गाभा कांहीं तक्रार न करतां ती दुभाष्याकडे सोंपवीत असे. वापरणाराच्या दृष्टीनें ही सोय उत्तम. पण परीक्षेंत तिनें काय केलें पाहा. भाषांतरकाराची परीक्षा म्हणून चाचणी लाविली. भाषांतरकारानें हात टेकले. दुभाष्यानें निमूटपणें पेपर सोडविला. उत्तर बरोबर आलें आणि उत्तीर्ण असा शेरा पडला! परीक्षेस बसला कोण आणि पेपर लिहिला कोणीं, हें संचास कळण्याचा मार्ग नव्हता. लागलेल्या वेळाचे आंकडे निरखून कोणीं तर्क केला तरच. डॅनियल बोर्कमन यांनीं २०१५ सालीं यावर अगदीं साधा उपाय केला. प्रत्येक चाचणीच्या निकालाच्या ओळींत, ही आज्ञावलि भाषांतरित झाली होती कीं नाहीं, हें एक किंवा शून्य या अंकानें छापावयाचें. फेरफार जेमतेम कांहीं ओळींचा. पण माझ्या मतें सबंध संचांत याच्याइतकें मोलाचें दुसरें कांहीं नाहीं, कारण त्यायोगें निकालपत्रावर परीक्षार्थ्याचें नांव प्रथम आलें.

त्याच वर्षीं बोर्कमन यांनीं दीर्घ आज्ञावल्यांच्या चाचण्याही घातल्या. जुन्या भाषेंत एका आज्ञावलींत ४०९६ आज्ञांची मर्यादा आहे. ती अगदीं कांठोकांठ भरून पाहावयाची. यांतल्या एकीस त्यांनीं थट्टेनें कडेवर उड्या मारणाऱ्यांचें वेड्यांचें इस्पितळ अशा अर्थाचें नांव दिलें आहे. थट्टा असली तरी तिच्यामागें मर्म आहे. इंटेलच्या जातीच्या यंत्रांत जवळची उडी दोन अक्षरांत लिहितां येते, पण ती मागें १२८ व पुढें १२७ इतक्याच अंतरापर्यंत. त्यापलीकडची सशर्त उडी सहा अक्षरें खाते. आतां एक उडी लांबली कीं मधला मजकूर वाढतो. मजकूर वाढला कीं दुसरी उडी लांबते. एक आंखडली कीं दुसरी आंखडते. म्हणून भाषांतरकार तोच मजकूर पुनःपुन्हां लिहून पाहतो आणि लांबी स्थिर झाली कीं थांबतो.

सुरक्षिततेच्या इतिहासाकडे एक धांवती नजर टाकणें येथें अवश्य आहे. २०१८ च्या जानेवारींत स्पेक्टर नांवाची यंत्रांतील दुर्बलता जाहीर झाली आणि गाभ्यांतला दुभाष्याच चोरांच्या उपयोगी पडूं शकतो असें दिसून आलें. तेव्हां दुभाष्यास अजीबात काढून टाकून सर्व भार भाषांतरकारावर टाकण्याची सोय गाभ्यांत करण्यांत आली. चाचणी-संचावर याचा परिणाम चमत्कारिक झाला. आजवर दुभाष्याच्या पदराआड लपलेलें दौर्बल्य उघडें पडलें. आयबीएमच्या महायंत्रांवर कांहीं अतिदीर्घ चाचण्यांचें भाषांतर ठरीव आकारांत मावेना, आणि त्या पडूं लागल्या. त्यांच्यावर, या पडणें अपेक्षित आहे, अशी खूण करावी लागली. अशी खूण तपासनिसास नेहमीं सलली पाहिजे. अपेक्षित अपयशाच्या पांघरुणाखालीं खरें अपयशही झोंपूं शकतें. म्हणून चाचणी नुसती पडली पाहिजे एवढ्यावर न थांबतां, ती कोणत्या कारणानें पडली पाहिजे त्या कारणाचा अंकही चाचणींत लिहिण्याची व्यवस्था त्याच सालीं झाली.

एवढी तजवीज झाल्यावर तरी निर्वेधता आली काय? डायक्स्ट्रा यांनीं १९६९ सालीं रोम येथील परिषदेंतच सांगून ठेवलें होतें कीं, चाचणीनें चुका आहेत हें दाखवितां येतें, त्या नाहींत हें दाखवितां येत नाहीं. वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं या वचनास गणिताची जोड दिली. भाषांतर मूळ आज्ञेशीं सर्व संख्यांसाठीं जुळतें कीं नाहीं, हें उदाहरणें न घेतां सिद्धतेनें तपासण्याचें जिटरबग नांवाचें साधन त्यांनीं केलें आणि २०२० सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आधींपासून वापरांत असलेल्या पांच भाषांतरकारांत त्यांस पूर्वी कोणास ठाऊक नसलेल्या सोळा चुका सांपडल्या, आणि त्या दुरुस्त होऊन गाभ्यांत गेल्या. या सोळाही चुका चाचण्या, तपासनीस आणि रोजचा वापर या सर्वांच्या डोळ्यांदेखत उभ्या होत्या.

पुढच्याच वर्षीं एप्रिलमध्यें उड्यांचें प्रकरण पुन्हां वर आलें. मघां सांगितलेली लांबी स्थिर करण्याची पद्धति अशी गृहीत धरीत होती कीं, शेवटच्या फेरींत आंकडे मागच्या फेरीसारखेच राहतील. मुद्दाम रचलेल्या आज्ञावलीनें हें गृहीत मोडतां येत होतें. मग उडी ठरलेल्या जागीं न पडतां भलत्याच जागीं पडते, आणि त्या जागेपासून यंत्र जें वाचूं लागतें तें आज्ञावलि देणाराच्या मर्जीचें असूं शकतें. गाभ्याच्या पूर्ण अधिकारानें वाटेल तें करून घेण्याचा तो राजमार्ग होता. वेड्यांच्या इस्पितळाची चाचणी सहा वर्षें उत्तीर्ण होत होती. ती वाईट होती असें नाहीं. तिनें विचारलेला प्रश्न तिनें बरोबर विचारला होता. पण परीक्षक प्रश्न काढतो तो प्रामाणिक विद्यार्थ्याच्या संभाव्य चुका डोळ्यांपुढें ठेवून. चोर प्रश्न काढतो तो चौकटीच्या फटी पाहून. दुरुस्ती अशी केली कीं, प्रत्येक आज्ञा लिहितांना तिची लांबी आधींच्या हिशेबाशीं ताडावी आणि न जुळल्यास भाषांतरच सोडून द्यावें.

वाचून तपासण्याच्या रूढीविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. चालविण्यापूर्वीं कोड चारचौघांनीं बसून रीतसर वाचावा, ही शिस्त आयबीएममधील मायकेल फॅगन यांनीं १९७६ सालीं लिहून प्रसिद्ध केली. लिनक्समध्यें तपासणारा आपलें नांव त्या फेरफाराखालीं घालतो, आणि त्या सहीचा अर्थ काय हें गाभ्याच्या नियमपत्रांत स्पष्ट सांगितलें आहे. आपण हें वाचलें, शंका विचारल्या, आपल्या समजुतीप्रमाणें हें योग्य आहे. परंतु हें सांगितल्याप्रमाणें चालेलच अशी हमी आपण देत नाहीं, असा तिचा आशय आहे. मला ही भाषा फार सभ्य वाटते. पुष्कळ प्रमाणपत्रांत याहून अधिक आश्वासन असतें आणि वाचन याहून कमी झालेलें असतें.

राहिली २०२१ च्या उत्तरार्धाची हकीकत. मिप्स जातीच्या यंत्रासाठीं नवा भाषांतरकार लिहीत असतां एका अभियंत्यास असें दिसलें कीं, जुन्या चाचण्यांतील संख्या सोप्या आहेत. त्यानें संचांत नव्या चाचण्यांची मोठी भर घातली. प्रत्येक क्रिया, दोनाच्या प्रत्येक घाताच्या अलीकडच्या-पलीकडच्या संख्या घेऊन. प्रत्येक रजिस्टराची जोडी बदलून. उड्या लांबवीत आणि आंखडीत नेऊन. या नव्या चाचण्यांचें अपेक्षित उत्तर साध्या सी भाषेंतल्या हिशेबानें काढलेलें असे, म्हणजे दुभाष्याच्या वहींतून उतरलेलें नसे. तो संच मग दुसऱ्यांच्या यंत्रांवर चालविला गेला. पॉवर जातीच्या भाषांतरकारांत, जे वर्षानुवर्षें वापरांत होते, त्याच ऑक्टोबरांत कित्येक दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि त्यांचें श्रेय या चाचण्यांस दिलें गेलें.

त्यांपैकीं दोन सांगतों. एक वजाबाकीची होती. वजा करावयाची संख्या ऋण करून मिळविली कीं वजाबाकी होते, ही शाळेंतली युक्ति तो भाषांतरकार वापरीत असे. आणि ती एकाच संख्येपाशीं फसत होती. ती संख्या होती उणें २१४७४८३६४८, कारण बत्तीस अंशांत तिचें धन रूप मावतच नाहीं. तिहींच्या भागाकारानें जेथें प्रथम दगा दिला होता, तोच हा आंकडा. दुसरी चूक बाकीची होती. एकानें भागल्यानें भागाकार बदलत नाहीं, म्हणून भाजक १ असला तर कांहींच करावयाचें नाहीं, असें त्या भाषांतरकारांत लिहिलेलें होतें. भागाकारास तें लागू पडतें. पण तोच नियम बाकी काढण्याच्या क्रियेसही लाविला होता. कोणत्याही संख्येस एकानें भागलें तर बाकी शून्य उरते. तेथें मात्र सबंध संख्याच बाकी म्हणून शिल्लक राहत होती.